पोर्ट्रेटसाठी शॉर्ट टेलिफोटो लेन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"पोर्ट्रेटसाठी कोणती लेन्स घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, "फोटो कुठे काढणार? घरात, कार्यालयात की मैदानात?" चेहरा कसा दिसेल हे कॅमेरा आणि माणूस यांच्यातल्या अंतरावर ठरतं, आणि ते अंतर तुमच्या जागेवर. लेन्सवरचा मिमीचा आकडा त्यानंतर येतो. खालची बहुतेक उत्तरं फिरून याच मुद्द्याशी येतात, म्हणून एक मोजपट्टी जवळ ठेवून वाचलंत तर बरं.

१. शॉर्ट टेलिफोटो म्हणजे नेमकी किती मिमीची लेन्स?

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या) साधारण ८५ ते १३५ मिमी. ५० मिमीला नॉर्मल म्हणतात, २०० च्या पुढच्या लेन्स पक्षी आणि क्रिकेटवाल्यांच्या. मधला हा पट्टा चेहऱ्यांसाठी वापरला जातो.

क्रॉप सेन्सर (एपीएस-सी, फुल फ्रेमपेक्षा लहान) असेल तर लेन्सवरच्या आकड्याला निकॉन, सोनी, फुजीसाठी १.५ ने आणि कॅननसाठी १.६ ने गुणा. म्हणजे ५० मिमीची लेन्स तिथे ७५ किंवा ८० सारखी फ्रेम देते आणि फुजीची ५६ मिमी ८४ सारखी. मायक्रो फोर थर्ड्सवर (त्याहूनही लहान सेन्सर) आकडा दुप्पट करायचा, त्यामुळे ऑलिंपसची छोटीशी ४५ मिमी एफ १.८ तिथे ९० चं काम करते. (एफ म्हणजे लेन्सचं तोंड, अ‍ॅपर्चर, किती उघडतं त्याचा आकडा; आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं.)

२. पण लेन्स क्रॉप सेन्सरसाठीच बनवलेली असेल, तर गुणायची गरज नाही ना?

गुणायचंच. लेन्सवर छापलेली फोकल लेंथ (मिमीचा आकडा) हा त्या काचेचा गुण आहे. ती कोणत्या सेन्सरसाठी बनवली यावर तो आकडा बदलत नाही. किट लेन्सवरचं (कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ झूमवरचं) ५५ आणि फुल फ्रेम लेन्सवरचं ५५ एकाच क्रॉप कॅमेऱ्यावर लावलं तर फ्रेम सारखीच येते. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की दुकानातही कधीकधी उलटं सांगतात.

३. १८-५५ ने जवळून फोटो काढला की नाक मोठं आणि कान छोटे दिसतात. लेन्स खराब आहे का?

लेन्स ठीक आहे, तुम्ही फार जवळ गेलात. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत साधारण पाच इंच धरू. कॅमेरा नाकापासून दीड फुटावर, म्हणजे १८ इंचांवर असेल तर कान २३ इंचांवर. नाक कानाच्या मानाने जवळजवळ २८ टक्के मोठं उमटणार. तेच पाच फुटांवरून काढलं तर हा फरक आठ टक्क्यांवर येतो आणि आठ फुटांवरून पाच टक्क्यांवर. समोर बसून गप्पा मारताना आपण माणसाला चार-पाच फुटांवरूनच पाहतो, म्हणून तिथून काढलेला चेहरा ओळखीचा वाटतो.

यात लेन्सचा संबंध कुठे? पाच फुटांवरून १८ मिमीने काढलं तरी नाक बरोबरच येतं, फक्त चेहरा फ्रेममध्ये लिंबाएवढा दिसतो. मग आपण पुढे सरकतो आणि नाक बिघडतं. शॉर्ट टेलिफोटो तुम्हाला पाच फुटांवर उभं राहूनही फ्रेम भरू देते. तिचं मुख्य काम एवढंच, मागचं धूसर होणं हा वरचा लाभ.

मोबाईललाही हेच लागू. मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या हिशेबात २४-२६ मिमीच्या आसपास असतो, आणि हात लांब करून काढलेल्या सेल्फीत अंतर दोन-अडीच फूटच मिळतं. फोनला टेलिफोटो कॅमेरा असेल तर तो वापरा. नसेल तर चार-पाच फूट मागे जा आणि नंतर फोटो कापा.

४. माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा आहे. ५० घेऊ की ८५?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहितो. कॅमेरा उभा धरल्यावर लागणारी अंतरं अशी (सेन्सरपासून माणसापर्यंत, अंदाजे):

५० मिमीने डोकं-खांदे हवे असतील तर साडेचार फूट, कमरेपर्यंत साडेसहा फूट, पायांपर्यंत चौदा फूट.

८५ मिमीने डोकं-खांद्यांना साडेसात फूट, कमरेपर्यंत अकरा फूट, पायांपर्यंत चोवीस फूट.

आता आपली दहा बाय बाराची खोली घ्या. माणसाला भिंतीला चिकटवून उभं केलं तर मागे सावली पडते, म्हणून तो तीन फूट पुढे येणार. तुमच्या पाठीला आणि कॅमेऱ्याला दीड-दोन फूट. बारापैकी हातात राहतात सातच्या आसपास. त्यात ५० ने कमरेपर्यंतचा फोटो आरामात बसतो आणि ८५ ने डोकं-खांदेसुद्धा जेमतेम. मंगल कार्यालयातली नवरीची खोली तर याहून भरलेली असते, तिथे अर्धी जागा मावश्या, आत्या आणि बॅगांनी व्यापलेली.

म्हणून घरात, कार्यालयात, दुकानात काढणार असाल तर ५० एफ १.८. अंगण, शेत, किनारा, किल्ला किंवा प्री-वेडिंगचं काम असेल तर ८५. दोन्ही करायचं असेल तर आधी ५०, कारण ती स्वस्त आहे, हलकी आहे (कॅननची ५० एफ १.८ एसटीएम १६० ग्रॅमच्या आसपास) आणि पुढे फुल फ्रेम घेतलीत तरी फुकट जात नाही.

घेण्याआधी एक करून पाहा. किट लेन्स ५० वर फिरवा, टेपने रिंग चिकटवा आणि घरच्यांचे दिवसभर फोटो काढा. पुन्हा पुन्हा मागे जावंसं वाटलं की पुढे, हे संध्याकाळपर्यंत कळतं. ८५ साठी हीच परीक्षा टेलिझूमवर घ्या.

५. फुल फ्रेमवर ८५, १०५ आणि १३५ यांतलं काय निवडावं?

८५ ने डोकं-खांद्यांना पाच फूट आणि पूर्ण उंचीला सोळा फूट लागतात. १०५ ने सहा आणि वीस, १३५ ने आठ आणि पंचवीस.

एकच घ्यायची तर ८५. पाच फुटांवरून तुम्ही समोरच्याशी नेहमीच्या आवाजात बोलू शकता, "मान जरा डावीकडे" म्हणताना ओरडावं लागत नाही. कॅमेऱ्यासमोर अवघडलेल्या माणसाला या बोलण्याची फार गरज असते. माझ्या लेखी धूसरपणाच्या हिशेबापेक्षा हे मोठं कारण आहे.

१०५ (कॅननवाल्यांची १००) मला फक्त चेहऱ्यांसाठी सर्वांत आवडते. छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मध्ये पेशावरजवळच्या नासिरबाग निर्वासित छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा जो फोटो काढला, तो निकॉनच्या १०५ मिमी एफ २.५ लेन्सचा. आकडा लक्षात घ्या, एफ २.५. आजच्या बाजारात हा आकडा कुणी जाहिरातीत मिरवणार नाही.

१३५ मैदानात अप्रतिम. पार्श्वभूमीचा फार छोटा तुकडा फ्रेममध्ये येतो, त्यामुळे मागचे फलक, गाड्या, वायरी टाळणं सोपं जातं. वारीच्या गर्दीत रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळकऱ्याचा एकच चेहरा उचलायचा असेल तर हीच लेन्स. घरात मात्र ती बॅगेतच राहते.

६. एफ १.८ पुरेल की १.४, १.२ घ्यायला हवी?

पुरेल. फुल फ्रेमवर ८५ मिमी, अंतर पाच फूट धरा. एफ १.८ ला जेवढा भाग शार्प दिसतो त्याची खोली सव्वा इंच भरते. एफ १.४ ला एक इंच, एफ २.८ ला दोन इंच, एफ ४ ला पावणेतीन इंच. मराठमोळ्या नवरीच्या चेहऱ्यावर हे आकडे लावून पाहा. नथ डोळ्याच्या पुढे इंचभर असते. एफ १.४ वर डोळा धरला तर नथीचे मोती विरघळतात, नथ धरली तर डोळा गेला. नथ, डोळे आणि मुंडावळ्या तिन्ही नीट हवं असेल तर एफ ४ च्या आसपास यावंच लागतं. मग १.४ चे जास्तीचे पैसे कशाचे?

वजनही पाहा. निकॉनची ८५ एफ १.८ जी ३५० ग्रॅमची, तर ८५ एफ १.४ जी ५९५ ग्रॅमची. हळदीपासून पाठवणीपर्यंत ती मनगटावर असते.

एफ १.४ चा खरा उपयोग समईच्या किंवा पणत्यांच्या उजेडात, जिथे फ्लॅश मारला तर सगळं मरतं. असं काम नेहमी करत असाल तर जरूर घ्या.

७. प्राईम (झूम न होणाऱ्या) लेन्ससाठी पैसे नाहीत. ५५-२५० टेलिझूम पडून आहे. तिने बॅकग्राउंड ब्लर होईल का?

होईल, आणि अनेकांना वाटतं त्याहून खूप जास्त. फोकल लेंथला एफ नंबरने भागा. चेहरा फ्रेममध्ये तेवढाच मोठा ठेवला तर दूरची पार्श्वभूमी किती विरघळेल हे या भागाकारावर ठरतं. किट लेन्स ५५ मिमी एफ ५.६ वर जेमतेम १०. ५० मिमी एफ १.८ ला सुमारे २८. ८५ एफ १.८ ला ४७. आणि २५० मिमी एफ ५.६ ला ४५! म्हणजे तुमची पडून असलेली झूम दूरच्या झाडांच्या बाबतीत ८५ एफ १.८ च्या शेजारी बसते.

किंमत मोजावी लागते ती अंतरात आणि उजेडात. क्रॉप सेन्सरवर २५० ने डोकं-खांदे घ्यायला जवळजवळ बावीस फूट मागे जावं लागेल. एफ ५.६ मुळे उजेडही भरपूर हवा. सकाळी आठ-नऊला किंवा उन्हं कलल्यावर मोकळ्या जागी जा, माणसाला झाडांच्या रांगेपासून तीस-चाळीस फूट पुढे उभं करा, झूम पूर्ण लांब करा. शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू होऊ देऊ नका. पहिलं वर्ष यावर काढलंत तरी काही बिघडत नाही.

८. ७०-२०० एफ २.८ असेल तर प्राईम कशाला?

लग्नाच्या धावपळीत फारशी गरज नाही. पण ती झूम साधारण दीड किलोची असते आणि समोर रोखली की साधी माणसं बिचकतात. शांतपणे एका माणसासोबत बसायचं असेल तर छोटी ८५ बरी.

९. डोळे शार्प येत नाहीत. लेन्स बदलू का?

आधी पुढच्या गोष्टी या क्रमाने तपासा.

शटर. ८५ मिमीवर १/६० ठेवून शार्प फोटोची अपेक्षा करू नका. माणूस श्वास घेतो, हलतो. १/२०० किंवा वर ठेवा.

फोकस पॉइंट. मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस करून मग कॅमेरा फिरवून फ्रेम बसवत असाल तर सव्वा इंचाची खोली (प्रश्न ६) त्या फिरवण्यातच संपते. पॉइंट सरकवून थेट डोळ्यावर ठेवा. तोंड तिरकं असेल तर कॅमेऱ्याजवळचा डोळा धरा.

मधे येणाऱ्या वस्तू. डोळा ओळखणारा ऑटोफोकसही मुंडावळ्यांच्या लडीवर, पदराच्या काठावर किंवा चष्म्याच्या फ्रेमवर अडकतो. अशा वेळी एक छोटा पॉइंट निवडा आणि तीन-चार फोटो लागोपाठ काढा.

इतकं करूनही प्रत्येक वेळी कानच शार्प येत असतील तर लेन्स आणि डीएसएलआर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याची) बॉडी यांचं जुळत नाहीये. तिरक्या ठेवलेल्या पट्टीवर ट्रायपॉडवरून तपासा. काही बॉडींत हे मेनूतून दुरुस्त करता येतं. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकांत ती सोय नाही, तिथे सर्व्हिस सेंटर. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे हा त्रास जवळजवळ नाही.

१०. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन हवंच का?

असेल तर चांगलं, नसेल तर अडत नाही. ते तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. पोर्ट्रेटला १/२०० ठेवायचंच आहे (प्रश्न ९), त्यामुळे जास्त पैसे फक्त त्यासाठी देऊ नका.

११. मॅक्रो लेन्स पोर्ट्रेटला चालते का? चेहऱ्यावरचे डाग जास्त दिसतात म्हणे.

छान चालते. टॅमरॉनची ९० मिमी एफ २.८ मॅक्रो कित्येकांनी वर्षानुवर्षं दोन्हींसाठी वापरली आहे. एकाच लेन्समध्ये नवरीचा चेहरा, मेंदी, अंगठ्या, मंगळसूत्र होऊन जातं. साध्या ८५ एफ १.८ ने हे जमत नाही, ती सुमारे अडीच फुटांच्या आत फोकसच करत नाही. तान्ह्या बाळाची बोटं काढताना ही अडचण फार जाणवते. कॅननच्या आरएफ माउंटवर (त्यांच्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या लेन्स-जोडणीवर) ८५ एफ २ मॅक्रो हा या दोन्हींतला चांगला मध्य.

डाग दिसतात ते कडक उजेडामुळे. खिडकीला पांढरा पडदा लावा, तीच लेन्स मऊ वाटेल.

१२. भर दुपारी एफ १.८ वर फोटो पांढराफटक पडतो. आयएसओ १०० च आहे. काय चुकतंय?

कॅमेऱ्याच्या शटरची मर्यादा आडवी येते. कडक उन्हात आयएसओ १०० आणि एफ १.८ ला शटर सुमारे १/८००० लागतं. सुरुवातीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ते १/४००० ला थांबतं. सावलीत जा, किंवा एफ २.८ करा, किंवा तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड आठपट कमी करणारी गडद काच) लावा. फ्लॅश वापरत असाल तर शटर १/२०० च्या आसपास अडकतं, मग हाय स्पीड सिंक (वेगवान शटरलाही फ्लॅश चालवणारी सोय) किंवा एनडीशिवाय इलाज नाही.

याच उन्हात पैठणीच्या जरीभोवती जांभळ्या-हिरव्या कडा दिसतात. स्वस्त प्राईममध्ये हे असतंच, एफ २.८ वर बऱ्यापैकी जातं.

१३. घरच्यांचा ग्रुप फोटो ८५ ने काढू का?

जागा असेल तर जरूर, माणसांची तोंडं कडेला ताणली जात नाहीत. दोन रांगा असतील तर एफ ५.६ ते ८, आणि फोकस पुढच्या रांगेवर. एफ १.८ वर आजी-आजोबा शार्प आणि मागचे सगळे धूसर येतील.

१४. सेकंड हँड लेन्स घेताना काय पाहायचं?

आपल्याकडे पहिली तपासणी बुरशीची. मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मोबाईलचा टॉर्च मागून मारा, पुढून तिरकं पाहा. बारीक धुळीचे कण चालतात, त्याने फोटोत काही फरक पडत नाही. धागे किंवा दुधाळ धूसर थर दिसला तर लेन्स परत द्या, भाव कितीही कमी असो.

मग अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का, फोकस रिंग कुठे अडकते का, पुढचा फिल्टर थ्रेड चेपलेला आहे का ते पाहा. चेपलेला थ्रेड म्हणजे लेन्स पडलेली.

निकॉनवाल्यांनी आणखी एक पाहावं. एएफ ५० आणि ८५ एफ १.८ च्या जुन्या "डी" लेन्समध्ये मोटर नसते, त्या बॉडीतल्या मोटरवर चालतात. डी ३००० किंवा डी ५००० मालिकेच्या बॉडीवर ऑटोफोकस मिळणार नाही. तिथे "एएफ-एस" लिहिलेलीच घ्या. फोर्टातल्या बोरा बाजारात घ्या की ओळखीच्याकडून, स्वतःची बॉडी बरोबर न्या आणि तिथेच वीस-तीस फोटो काढून लॅपटॉपवर मोठे करून पाहा.

१५. हेलिऑस ४४-२ मिळतेय, पण निकॉन डीएसएलआरवर ती अनंताला फोकस होत नाही म्हणतात. घ्यावी का?

पोर्ट्रेटसाठी घ्या. ही सोव्हिएत ५८ मिमी एफ २ लेन्स, मागची पानं भोवऱ्यासारखी फिरवणारी. ती एम ४२ माउंटची (आटे फिरवून बसवायच्या जुन्या जोडणीची) आहे आणि निकॉनवर सेन्सरपासून सुमारे एक मिलिमीटर जास्त पुढे बसते, त्यामुळे दूरचा फोकस जातो. पण किती जातो? ५८ मिमीला साधारण दहा फुटांपलीकडचा, १३५ मिमीला पंचावन्न-साठ फुटांपलीकडचा. क्रॉप सेन्सरवर हेलिऑसने डोकं-खांदे पाच फुटांवरूनच घेणार आहात, मग डोंगर धूसर आले तर आलेच पाहिजेत. काच असलेला अ‍ॅडॅप्टर लावू नका, त्याने शार्पनेस जातो. साधी रिंग घ्या. फोकस हाताने करावा लागेल, आणि सुरुवातीच्या निकॉन बॉडींवर मीटरही चालणार नाही, उजेड एक-दोन फोटो काढून अंदाजाने जुळवायचा. कॅननवर आणि मिररलेसवर अनंताचा प्रश्नच येत नाही.

१६. शॉर्ट टेलिफोटो कधी वापरूच नये?

माणसाचं काम किंवा घर दाखवायचं असेल तेव्हा. चाकावरचा कुंभार, हातमागावरची विणकर बाई, चुलीपुढे भाकरी थापणारी आजी यांचा ८५ ने फक्त चेहरा येतो आणि चाक, माग, चूल फ्रेमबाहेर राहतात. तिथे फुल फ्रेमवर ३५, क्रॉपवर २४ च्या आसपासची लेन्स लावा. तरी माणसापासून पाच-सहा फूट दूरच राहा आणि त्याला फ्रेमच्या कडेला नेऊ नका, नाहीतर चेहरा ताणला जातो.

दुसरी वेळ चेहऱ्यावर अवलंबून आहे. फार लांबून काढलं की चेहरा सपाट आणि थोडा रुंद दिसतो. गोल चेहऱ्याच्या माणसाला आठ-दहा फुटांवरून १३५ ने काढून तो नाराज झाला, तर चार फुटांवर या आणि १३५ च्या जागी ५०-६० लावा. खप्पड, लांबट चेहऱ्याला याच्या उलट, मागे जा. एकाच माणसाचे चार, सहा आणि आठ फुटांवरून तीन फोटो काढा, चेहरा प्रत्येक वेळी तेवढाच मोठा ठेवा, आणि कोणता आपल्यासारखा दिसतो ते त्यालाच विचारा.